आधी ओत

सायकलच्या तेलावर चालणाऱ्या ब्रेकचा लिव्हर पुन्हा हँडलला जाऊन टेकला. अंकितानं तो सोडला, पुन्हा दाबला. मऊ भातात बोटं रुतावीत तसा तो आत गेला.

"अज्जा, आतली हवा जातच न्हाय ओ," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

खाटेवरून बसलिंगप्पांनी नुसता हुंकार दिला.

शेजारच्या घरातले हे अज्जा तिचे नात्यानं कुणी नव्हते. पण सायकलीतलं तिला जे काही येत होतं, ते त्यांनीच शिकवलेलं. तेल दाबलं तरी आकसत नाही, हवा मात्र आकसते. म्हणून नळीत थोडी जरी हवा राहिली तरी दाब पुढं पोचत नाही, हे त्यांनी तिला औषधाच्या सिरिंजमध्ये पाणी भरून दाखवलं होतं. शिकवायची त्यांची रीतच तशी. आधी हे कर, मग ते कर. कधी ओरडणं नाही की घाई नाही.

दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जन्मभर बोललेलं मराठी कुठल्या कुठं गेलं. उरलं ते लहानपणीचं, दुधनीकडचं कानडी. तेही तुटक. त्यांची सून महेश्वरीकाकू चिंचोळी एमआयडीसीत कामाला गेली की अंकिता त्यांच्यापाशी बसायची. तिला कानडीचा गंध नव्हता. ती बोलायची, ते हुंकार द्यायचे.

आज चार वाजता माळावरच्या उतारावर राज्याच्या सायकल संघाची निवड होती. तिथले सर आधी ब्रेक तपासणार, मगच सायकल सोडणार. वयाच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. आज राहिलं की राहिलंच.

चाक काढून झालं होतं. ब्रेकच्या पट्ट्यांना तेल लागू नये म्हणून त्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या, त्यांच्या जागी ठोकळा अडकवला होता. वर लिव्हरवर तेलाचा कप बसवला होता. खालच्या निपलला, म्हणजे तेल सोडायच्या तोटीला, नळी आणि नळीच्या टोकाला बाटली. सगळं अज्जांनी शिकवलेलंच. तरी काय चुकत होतं?

"एऽदी... ओत्..."

अंकिता वळली. "काय म्हणालात?"

"एऽदी... ओत्..."

जीभ जड झालेली, तरी शब्द तिला उमगले. आधी ओत!

"अज्जा! मराठी बोललात की ओ तुमी!" ती टाळ्या पिटत उठली. "काकूला सांगते थांबा, लई खूश होईल!"

तिनं कपात तेल ओतलं, खालचं निपल उघडलं. लाल तेल सरसर बाटलीत उतरलं. निपल बंद करून तिनं लिव्हर दाबला. तो थेट हँडलला टेकला.

"एऽदी... ओत्..."

तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. अज्जांच्या कपाळावर घाम डवरला होता. धड असलेल्या डाव्या हातानं ते बंडीच्या गुंड्यांशी चाळा करत होते. आपल्याहून यांनाच निवडीचा घोर लागलाय, असं तिला वाटलं. तिनं पंखा त्यांच्याकडं वळवला आणि खाटेकडं पाठ करून पुन्हा कामाला बसली.

तेलाची बाटली तळाला आली.

"ओत्... ओत्..."

"किती ओतू ओ अज्जा? संपलं की सगळं!" तिचा बांध फुटला. तेलकट हातांनीच तिनं डोळे पुसले.

मागच्या दारानं महेश्वरी आली होती. मोरीत पाय धुता धुता तिनं विचारलं, "काय गं, रडतीस कशाला?"

"अज्जा नुसतं ओत ओत म्हणतायत. तेल संपलं, ब्रेक लागतच न्हाय!"

"अगं खुळे, त्यांना मराठी कुठलं यायलंय आता! ओत्तु म्हणत असतील. ओत्तु म्हंजे दाब."

दाब! अंकिता चमकली. ती नुसतीच ओतत बसली होती. कपात उरलेलं तेल पुरेसं होतं. निपल बंद ठेवून तिनं लिव्हर दाबला, सोडला, दाबला, सोडला. नळीवर टिचक्या मारल्या. कपात टपोरा बुडबुडा वर आला. मग बारक्या बुडबुड्यांची रांगच लागली. हळूहळू लिव्हर ताठ होत गेला, आणि शेवटी दगडासारखा टणक झाला.

"लागला! काकू, ब्रेक लागला!"

महेश्वरी पाण्याचा तांब्या घेऊन हसत बाहेर आली. "मग! आमचे मामंजी उगंच बोलतात व्हय?"

"एऽदी... ओत्तु..." अज्जा अजून म्हणतच होते. आवाज आता पार खोल गेला होता.

"झालं की ओ अज्जा, आता कशाला?" अंकिता खळखळून हसली. "काकू, ओत्तु म्हंजे दाब. मग एदी म्हंजे काय? मी आपली 'आधी' समजत होते."

महेश्वरीच्या हातातला तांब्या खाली पडला. तिची नजर बंडीवर घट्ट आवळलेल्या त्या डाव्या हातावर खिळली होती.

"एदी म्हंजे छाती गं."