ऐकायचा दिवस

“मशीनकडे पाठ कर. मागे वळून बघितलंस तर बाद,” पियानोच्या बाईंनी दम भरला, तसा सात वर्षांचा बुटका स्टुलावर गर्रकन फिरून बसला.

बाईंच्या वर्गात वर्षाअखेरी परीक्षा नसे, ऐकायचा दिवस असे. प्रत्येकाची एकच धून वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा कॅसेटवर घेतलेली असायची. बाई दोन्ही वाजवायच्या, कधी जुनी आधी, कधी नवी आधी, आणि मुलानं ओळखायचं की यातली आताची कुठली. ओळखलं की टाळ्या. “आपण किती पुढे आलो ते वाजवताना कळत नाही, ऐकावं लागतं,” असं बाई म्हणायच्या. कॅसेटवरची तारीख फक्त त्या बघायच्या, आणि त्यांच्या शब्दावर शंका घ्यायचं आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बुटक्याची पहिली कॅसेट धडपडत शेवटाला आली आणि वरची एक पट्टी भुणभुणली.

“माशी!” तो ओरडला. “ही जुनी!”

सगळी खोली हसली. ती पट्टी वर्षाच्या सुरुवातीला अशीच भुणभुणायची. मुलांनी तिचं नावच माशी ठेवलं होतं. मग वर्षाच्या मध्यावर सूर लावणारे काका आले, त्यांनी तार बदलली आणि माशी गेली.

“ही लबाडी झाली. हातावरून ओळखायचं, माशीवरून नाही,” बाई म्हणाल्या, पण टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

मग बाईंच्या स्वतःच्या मुलीचा नंबर लागला. सतरा वर्षांची, कष्टाळू पोर. तिनं बरोबर ओळखलं.

“डावा हात अजून घाई करतो,” बाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं. पोटच्या पोरीलाही सोडत नाहीत, असं पालक एकमेकांत कौतुकानं म्हणाले.

आता उरली चिमणी. हात एवढेसे, म्हणून चिमणी. खरं तर आज सगळे तिच्यासाठीच थांबले होते. संगीत महाविद्यालयानं वर्गातून एकच नाव मागवलं होतं आणि ते हिचंच जाणार, हे बाईंच्या मुलीसकट सगळे धरून चालले होते. अडचण होती ती तिच्या वडिलांची. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि आजही ते गळ्यात मापाचा टेप तसाच ठेवून आले होते.

“पोरगी पुढे सरकली असेल तर खुशाल जाऊ दे,” त्यांनी बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. “तिथल्या तिथंच असेल तर सोमवारपासून काजं-बटणं करायला बसेल.” माणूस वाईट नव्हता. त्याला पियानोतलं काही कळत नव्हतं इतकंच, म्हणून त्यानं निकाल बाईंवर सोपवला होता.

“बाई, मला वाटतं, यंदा मी जरा बरी वाजवते,” चिमणी बसता बसता पुटपुटली.

“ऐकू या की,” बाई म्हणाल्या.

पहिल्या कॅसेटमध्ये प्रत्येक सूर जागच्या जागी होता, शिकवला तसा. दुसरीतही धून तीच होती, पण मधे एका जागी हात किंचित थांबला, आणि त्याच्याबरोबर खोलीही थांबली. बुटक्यानं पाय हलवायचं बंद केलं. वडिलांची टेपशी चाळा करणारी बोटं स्थिर झाली.

दोन्ही वेळा शेवटच्या दोन ओळी राहिल्या असताना बाईंनी बटण दाबलं. “शेवट सगळ्यांना पाठ आहे. उशीर होतोय.”

“दुसरी,” चिमणी म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “दुसरी आताची.”

बाईंनी कॅसेट बाहेर काढली, चष्मा पुसला, तारीख वाचली. पुन्हा एकदा वाचली आणि कॅसेट परत मशीनमध्ये सरकवली.

“नाही गं. ही जुनी.”

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

“पण बाई... मला अगदी खात्री होती.”

“होतं असं. हात एका जागी अडकतो. कधी मागेही जातो.” बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “तुझा काही दोष नाही.”

“म्हणजे माझा कानच खोटा,” चिमणी म्हणाली. हात चुकला असता तर तिनं आणखी चार तास घासले असते. कानच खोटा निघाल्यावर ती बिचारी काय करणार होती?

वडील उठले. मनातून त्यांनाही ती पुढे गेलेली हवी होती. “खरं सांगितलंत बाई, बरं झालं. दुसऱ्या कुणी पोरीला उगाच झुलवत ठेवलं असतं.”

चिमणीनं आपली धुनांची वही पियानोवर ठेवली. “कुणाच्या तरी उपयोगी पडेल,” ती म्हणाली. मग बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तसं पट्ट्यांवर कापड पसरून तिनं झाकण हलकेच लावलं आणि वडिलांच्या मागोमाग जिना उतरली.

पालकांना निरोप द्यायला बाई खाली गेल्या. मुलगी एकटीच खुर्च्या एकात एक घालत होती. चिमणी जाताना रडलीही नाही, हे तिला राहून राहून टोचत होतं. मशीन बंद करायला ती वाकली आणि काय वाटलं कोण जाणे, तिनं बटण दाबलं.

राहिलेल्या दोन ओळी सुरू झाल्या. तो हात पुन्हा तसाच थांबला, पुन्हा निघाला आणि शेवटाला त्याच वरच्या पट्टीवर आला. पट्टी स्वच्छ वाजली. भुणभुण नव्हती.

तिनं कॅसेट मागे घेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. माशी नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर मशीनवर गेली आणि तिथंच खिळली. मुलीनं सावकाश बटण बंद केलं.

“आई,” ती म्हणाली, “त्या महाविद्यालयाच्या फॉर्मवर मी सही कुठे करायची?”