खिळ्यावरचा लाकडी चमचा

"इंग्रजी!" झावेनने वर्गात आरोळी ठोकली. "बाई, नायिरी इंग्रजी बोलली! पेन्सिल मागितली माझ्याकडे, इंग्रजीत!"

वार्सेनिगबाईंनी फळ्यावरून नजरसुद्धा काढली नाही. "चुगली मात्र आर्मेनियनमध्ये केलीस, शाबास. आण तो चमचा."

खिळ्याला टांगलेला लाल दोरीचा लाकडी चमचा झावेनने काढला आणि आठ वर्षांच्या नायिरीच्या गळ्यात घातला. दुसरं कोणी इंग्रजीत सापडेपर्यंत तो तिचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात चमचा, त्याने वर्ग झाडायचा. अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या आर्मेनियन चर्चच्या तळघरात दर शनिवारी हे असं तीस वर्षं चाललं होतं. मुलं कुरकुरत, पण बोलत आर्मेनियनच.

ह्रायर दाराशी उभा राहून बघत होता. चर्चच्या मंडळाचा तो नवा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण सगळं कळतं असं वाटणाऱ्यांपैकी होता. पोरं पांगल्यावर, सगळ्यांसारखं बाईंना 'दिगिन', म्हणजे बाईसाहेब, म्हणत तो मुद्द्यावर आला.

"दिगिन, आता जरा बदलायला हवं. ज्या मुलांची आई ओदार आहे, परक्यांतली आहे, त्यांचा वर्ग नोव्हेंबरपासून वेगळा करू. इंग्रजीतून. थोडे नाच, थोडी गाणी, थोडा इतिहास."

"आणि भाषा?"

"घरी कोण बोलणार त्यांच्याशी? ही नायिरीच घ्या. आई मेरेडिथ. तिला आपल्या भाषेत साधा नमस्कार करता येत नाही."

"येईल."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! तुम्ही आईच्या दुधाबरोबर भाषा प्यायलात. तुमच्या तोंडचे ते जुन्या मुलखातले, खारपेर्तकडचे शब्द मी माझ्या आजीनंतर कुठे ऐकले नाहीत. ओदार बाईची अडचण तुम्हाला कशी कळणार?"

बाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि वर दूध घातलं. सगळं चर्च कॉफी पिणारं. बाईंच्या या चहाची थट्टा करून लोक थकले होते.

"माझ्या आजीच्या शाळेत मुलांच्या गळ्यात काठी अडकवायचे," बाई म्हणाल्या. "आपली भाषा बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि तेवढ्या छड्या. आजीने असा धसका घेतला, की पुढे स्वतःच्या पोरांशीही ती त्या भाषेत बोलली नाही."

ह्रायर हळहळला. "तुर्कांनी आपल्याला काय कमी छळलं!"

बाई चहा ढवळत राहिल्या. "म्हणून माझ्या खिळ्यावर काठी नाही, चमचा आहे, ह्रायर. वर्ग वेगळा होणार नाही."

"मग अक्षरांच्या सणाला नायिरी अडतीसच्या अडतीस अक्षरं म्हणून दाखवेल? सगळ्यांसमोर?"

"दाखवेल."

"आणि अडली तर?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तर तुझं खरं," त्या म्हणाल्या आणि कप आपटून उठल्या.

पुढचे पाच शनिवार नायिरी तासभर जास्त थांबली. न्यायला मेरेडिथ येई. दाराशी उभी राहून हसून बघे, इंग्रजीत काहीतरी विचारे. बाई नुसती मान हलवत आणि पुढचं अक्षर फळ्यावर काढत. त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द वॉटरटाउनमध्ये कोणी ऐकला नव्हता. वाणसामानसुद्धा त्या आर्मेनियन दुकानातूनच आणत. मेरेडिथला वाटे, म्हातारीला आपलं तोंड बघवत नाही. तरी तिने फ्रिजवर अडतीस अक्षरं चिकटवली होती आणि लेकीबरोबर घोकत होती.

"तुझी आई खाकरल्यासारखं बोलते," झावेन नायिरीला म्हणाला.

"सगळेच आधी खाकरतात," बाई म्हणाल्या. "तू वर्ग झाडायला घे."

ऑक्टोबरात सण आला. तळघरात खुर्च्या मांडल्या, मागे टेबलावर चीज भरलेल्या खुसखुशीत बोरेगांचं ताट ठेवलं. पहिल्या रांगेत मंडळ बसलं. मेरेडिथ शेवटच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून.

नायिरी पुढे आली. दहा अक्षरं, वीस, तीस. बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. एकतिसाव्याला नायिरी थांबली. तिने छताकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. मग तिचा चेहरा रडवेला झाला आणि ती थेट मागच्या खुर्चीकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, मला पुढचं येत नाही."

"इंग्रजी!" झावेन सवयीने ओरडला, आणि लगेच त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

कोणी हसलं नाही. ह्रायरने खाली बघतच म्हटलं, "दिगिन, बोली झाली होती. आणि नियमही तुमचाच."

"माझाच," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. खिळ्यावरचा चमचा काढून सावकाश नायिरीपाशी गेल्या. पोरीने आपण होऊन मान खाली घातली. मेरेडिथ ताडकन उभी राहिली. लेकीला घेऊन ती आता निघणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

बाईंनी लाल दोरी स्वतःच्या गळ्यात घातली. मग मेरेडिथकडे वळून, पहिल्या रांगेलाही नीट ऐकू जाईल अशा खणखणीत इंग्रजीत त्या म्हणाल्या,

"बस खाली, पोरी. मी मूळची पेगी कॉनीली, आयर्लंडची. हा चमचा माझ्या सासूचा, आणि लग्नानंतर वर्षभर तो माझ्याच गळ्यात होता."