भूतकाळाचं पान

गिरगावच्या शाळेतल्या त्र्यंबकमास्तरांनी विलायतेहून प्राचीन इजिप्तच्या भाषेचं व्याकरण मागवलं. परळच्या गिरणीतला कारकून महादेव त्यांच्यापाशी ते शिकायला येई आणि चित्रलिपी त्यांच्याहून भरभर वाची. मास्तर आतून जळत. 'ऐकणे' या क्रियापदाची रूपं आली, तेव्हा त्यांनी भूतकाळाचं पान कापून लपवलं आणि मगच पुस्तक त्याला नेऊ दिलं. पंधरा दिवसांनी महादेवाने ते परत आणलं. आत हाताने लिहिलेलं पान चिकटवलेलं होतं. "पुढच्या उताऱ्यांवरून रूपं जुळवली, मास्तर. 'तो ऐकतो'च्या इजिप्ती रूपात 'न' मिसळला की 'त्याने ऐकलं' होतं." लपवलेलं पान मास्तरांना पाठ होतं, महादेवाचं एकही रूप चुकलं नव्हतं. कसेबसे ते म्हणाले, "महादेवा, ते पान मीच कापलं होतं रे." "ठाऊक होतं," महादेव म्हणाला. "कापलेली कड अजून ताजी होती."