तळहातावरचं वजन

“बांगड्या काढा, आजी. पुढच्या चौकात आत्ताच एका बाईला लुटलंय. आम्ही साध्या कपड्यातले पोलीस.”

काटामावशीनं त्या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बारीक कापलेले केस, चकचकीत बूट, खिशातून काढून झर्रकन परत ठेवलेलं ओळखपत्र. ती दवाखान्यातून घरी निघाली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आजच मिळाली होती, आणि त्या ऑपरेशनचा सगळा भरवसा या दोन बांगड्यांवर होता. स्वतःच्या पगारातून केलेल्या, दोन्ही मिळून चार तोळ्यांच्या.

मुलानं महिनाभर तिला पोपटासारखं पढवलं होतं. “आई, रस्त्यात कुणी पोलीस म्हणून येऊ दे नाहीतर देव म्हणून, बांगड्या काढायच्या नाहीत. सोनारालासुद्धा दाखवायच्या नाहीत, सगळे चोर मेले. माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत.” इतका काळजी घेणारा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं ती शेजारणींना ऐकवायची.

“चल, हो बाजूला,” म्हणायला तिनं तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात एक बॅगवाला गृहस्थ तिथून निघाला. पोलिसानं त्यालाही थांबवलं, चांगलं खडसावलं. गृहस्थानं मुकाट्यानं गळ्यातली साखळी काढली, कागदाच्या पुडीत बांधून घेतली, “उपकार झाले, साहेब,” म्हणाला आणि गेला. झालं! इथंच मावशी फसली. तो गृहस्थ त्यांच्यातलाच असेल हे तिच्या मनातही आलं नाही. एक मेंढरू खड्ड्यात उतरलं की दुसरं उतरतं, माणसाचं तरी काय वेगळं असतं?

बांगड्या सहज निघाल्या. पूर्वी साबण लावल्याशिवाय हलायच्या नाहीत. पण महिन्यापूर्वी मुलानं त्या पॉलिश करून आणल्या, तेव्हापासून सैल झाल्या होत्या. “तुझेच हात वाळलेत, आई,” असं म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या मनगटात चढवल्या होत्या. एकीला तर तिनं परवाच लाल दोरा गुंडाळला होता, हातातून गळून पडू नये म्हणून.

पोलिसानं पुडी बांधली आणि तिचा विश्वास बसावा म्हणून आधी तिच्याच तळहातावर ठेवली. “बघा, तुमची वस्तू तुमच्या हातात. आता द्या इकडं, दोरीनं जरा पक्की बांधतो.”

पण तो तळहात कुणाचा होता! टपाल कचेरीत तीस वर्षं पार्सलच्या खिडकीवर राबलेला. मावशी पार्सल आधी हातावर जोखायची, वजन बोलायची आणि मगच काट्यावर ठेवायची. काटा चुकेल, पण बाई चुकायची नाही. कचेरीत चहाच्या पैजा लागायच्या, आणि दर वेळी चहा तीच प्यायची. काटामावशी हे नाव तिथलंच. मनगटात चढवलेलं वजन माणसाला कळत नाही, ते अंगाचंच होऊन जातं. तळहातावरचं कळतं. पुडी भरत होती दोन तोळे.

“बदललं! चोर आहे मेला! धरा त्याला!”

तिनं त्याच्या सदऱ्याला जी मिठी मारली, ती सोडलीच नाही. माणसं धावली. भाजीवाला, रिक्षावाला, समोरचा न्हावी हातातल्या कात्रीसकट. कुणी दोन ठेवून दिल्या, कुणी चार. त्याच्या खिशातून हुबेहूब तशीच दुसरी पुडी निघाली. तिच्यात खडे होते.

“आईशप्पथ सांगतो,” तो गुडघ्यांवर बसून रडायला लागला, “ही पुडी द्यायची होती, पण अजून दिलीच नव्हती हो! आजींच्या हातात त्यांचीच आहे!”

लोक खदाखदा हसले. चोराची शपथ म्हणे! मावशीनं मात्र हातातली पुडी उघडली. आत दोन बांगड्या. एकीला लाल दोरा, दोऱ्याला तिचीच गाठ. तिनं त्या पुन्हा तळहातावर घेतल्या, डोळे मिटून जोखल्या. दोन तोळे. तीस वर्षांत कुणाच्या शब्दावर तिनं वजन मान्य केलं नव्हतं, साहेबाच्यासुद्धा. एकदाच, महिन्यापूर्वी, ती नुसते हात पुढं करून बसली होती आणि कौतुकानं मुलाच्या तोंडाकडं बघत होती.

न्हाव्यानं फोन केला होता. मुलगा दुकान उघडं टाकून धापा टाकत आला. गर्दीत घुसला आणि त्यानं त्या माणसाच्या थोबाडीत सणसणीत लगावली. “म्हाताऱ्या बाईला फसवतोस? लाज नाही वाटत? तुला काय आई नाही?” लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

मग तो तिच्याकडं वळला. “तुला किती वेळा सांगितलं होतं गं, माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत? आण इकडं.”

त्यानं हात पुढं केला आणि तसाच थांबला. बांगड्या तिच्या मनगटात नव्हत्या, तळहातावर होत्या. लहानपणी त्याचं दप्तरसुद्धा त्याच तळहातानं जोखलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

गर्दीतून कुणीतरी त्या माणसाला आणखी एक लाथ घातली.

“सोडा रे त्याला,” मुलावरची नजर न काढता मावशी म्हणाली, “त्या बिचाऱ्याला यायला महिनाभर उशीर झाला.”