अर्धा घासलेला दिवा

“दिवे मंद झालेत रे गाडीचे. सकाळी समोरचं नीट दिसत नाही,” भिकाजीकाका म्हणाले. त्यांच्या स्कूल व्हॅनचे हेडलाइट खरंच पिवळे पडले होते. माझी सई त्याच व्हॅनने शाळेत जाते, म्हणून गॅरेजमधली बाकीची कामं बाजूला ठेवून मी ती आधी घेतली.

माझी एक खोड आहे. हेडलाइटच्या मधोमध चिकटपट्टी लावायची आणि आधी अर्धाच घासायचा. ओल्या वॉटर पेपरने घासलं, पॉलिश केलं आणि पट्टी ओढून काढली. एका बाजूला पिवळट साय, दुसऱ्या बाजूला पाण्यासारखी नितळ काच. हा फरक बघून गिऱ्हाईक ‘वा’ म्हटल्याशिवाय राहत नाही.

काका गुडघ्यांवर हात टेकून वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

“मग, घासायला सुरू कधी करतोस?”

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. काका हसले नाहीत.

आज सकाळीच सईला मी स्वतः उचलून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसवलं होतं. शाळेला हायवे ओलांडून जावं लागतं.

“राहू दे. घासणं, कोटिंग, सगळं उद्या कर,” काका घड्याळ डोळ्यांजवळ नेत म्हणाले. “शाळा सुटेल आता. चावी दे.”

चावी त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, खिळ्याला लटकत होती.

“कुठे ठेवली कोण जाणे, सापडत नाहीये,” मी कसाबसा म्हणालो.

“असेल रे इथेच,” म्हणत काकाही माझ्याबरोबर शोधू लागले.