शालूबाईच्या दारावरून

“औंदा मूर्ती तुझ्याकडं न्हाय येणार, शालू,” मार्थाआक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

शालूबाई दार अर्धवट ओढून उभी होती. नवरा गेल्यापासून तिच्याकडे फारसं कुणी येत नसे.

“बायका ऐकंनात. तुझ्या मालकांचा तो आजार... तुझ्या घरातनं आलेली मूर्ती पुढं कोण हातात घेणार, म्हणत्यात.”

“शिवून काय हुईत न्हाय, आक्का. तुमास्नी तरी ठावं हाय की.”

“मला ठावं असून काय उपयोग?”

“मग आत नका येऊ. नुसती दारात थांबवा. एक नमो मरियाची प्रार्थना हुईपतूर. नवस हाय.”

आक्कांनी मान हलवली. ती हो की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी जाई. उद्या ती पिराजीमामांकडून निघून आक्कांकडे मुक्कामाला यायची होती. मध्ये शालूबाईचं दार, त्यापुढे आक्कांचं.

नवस आक्कांचाही होता. त्यांची मुलगी निशा पेठ वडगावला मावशीकडे शिकायला आहे, असं त्या गल्लीत सांगत. खरं तर शिरोली एमआयडीसीतल्या एका पोराबरोबर ती उन्हाळ्यातच निघून गेली होती. “परत या दारात दिसू नकोस,” असं आक्कांनीच तिला सुनावलं होतं. तेव्हापासून त्या शनिवारचा उपास धरत आणि मरियेच्या निष्कलंक हृदयापुढे माळ ओढत. तुझं काळीज सगळ्यांसाठी छातीवर उघडं आहे, माउली. मला मात्र माझं झाकून ठेवावं लागतं. माझी पोर तेवढी घरी आण.

सगळी गल्ली आपल्या घरी गुडघे टेकेल, तेव्हा हे मागणं पोचेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. शालूबाईपायी बायका बिथरल्या तर?

दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या निघाल्या. मूर्ती आक्कांच्या हातात होती. शालूबाईच्या दारात रांगोळी होती, पाटावर धुवट पांढरं कापड अंथरलेलं होतं. दार लोटलेलं होतं.

आक्कांची पावलं रेंगाळली.

“चला की आक्का,” मागून कुणीतरी म्हणालं, “का हितंच मुक्काम करायचा?”

दोघीचौघी हसल्या. आक्कांनी मान दुसरीकडे फिरवली आणि त्या पुढे चालू लागल्या.

आक्कांच्या घरात उभं राहायला जागा नव्हती, इतकी माणसं जमली. गाणी रंगली. पण आक्कांना मूर्तीकडे बघवेना. गुलाबांनी वेढलेल्या त्या हृदयावर नजर गेली, की पाटावरचं ते पांढरं कापड दिसे. पोरीचं मागणं ओठांपर्यंत येऊन मागे फिरलं. कुठल्या तोंडानं मागायचं?

उजाडल्या उजाडल्या त्यांनी मूर्ती उचलली. कुणाला हाक मारली नाही. मूर्तीवर पदरही घातला नाही. बघू देत कुणाला बघायचं ते. त्या तडक शालूबाईच्या दारात गेल्या.

“शालू, चुकलं माझं. घे, आत घे माउलीला.”

शालूबाईचे डोळे सुजले होते. तिनं हात पुढे केले नाहीत.

“उशीर झाला, आक्का.”

“असं नगं म्हणूस. तुझा नवस हाय न्हवं?”

“माझा न्हाय. निशाचा.”

आक्कांनी मूर्ती छातीशी घट्ट धरली.

“दसऱ्यापासनं माझ्याकडंच हुती पोरगी. त्यो सोडून गेला तिला. तुमास्नी सांगू न्हाय म्हणून शपथ घातलीती मला. म्हणायची, ‘माउली दारात आली की तिच्या मागनं आईकडं जाईन, मग आई हाकलायची न्हाय.’ काल पिशवी भरून दाराआड उभी हुती.”

“कुठं हाय ती?”

“पहाटेच्या गाडीनं गेली. कुठं, ते न्हाय सांगितलं. एवढंच म्हणाली, ‘आईला कळलं असणार मी हितं हाय, म्हणून तर मूर्ती थांबवली न्हाय.’”