गुळगुळीत दस्ता

नवरा गेल्यावर म्हाताऱ्या गुदवेगने त्याची जुनी, बोल्ट मागे ओढून गोळी भरायची रायफल नेमबाजी शिकणाऱ्या सोल्रुनला विकली. "माझ्यापेक्षा हिलाच जास्त बिलगायचा माझा तोर्लेव," ती म्हणाली. "जप हो, पोरी."

फ्योर्डकाठच्या मैदानावर सोल्रुनचा सराव सुरू झाला. रायफलचा लाकडी दस्ता आरशासारखा गुळगुळीत होता. तरी नेम धरायला त्यावर गाल टेकवला की लाकूड कोमट लागे, आणि घरी येईतो सोल्रुनच्या गालावर बारीक लाल ओरखडे उठत. तिने दस्ता घासला, तेल पाजलं. ओरखडे काही थांबेनात.

शेवटी रायफल घेऊन ती गुदवेगकडे गेली. "काकू, दस्ता टोचतो हो. जरा हात लावून बघा."

गुदवेगने हात लावलाच नाही. डोळे मिटून तिने दस्त्यावर गाल टेकवला आणि नव्या नवरीसारखी लाजली.

"आजपण दाढी नाही केलीस ना रे?"